दाजी पीत नव्हते

मला हिपॅटायटिस सी झाला होता. एवढं साधं वाक्य घराबाहेर मोठ्यानं म्हणायला मला चार महिने लागले. त्याच्या मागे दुसरं एक वाक्य दडलेलं होतं. ते बाहेर काढण्यासाठी माझ्या बहिणीला मला उभं करावं लागलं.

हे लिहू नका, असं तिघांनी सांगितलं. बायकोनं, साडूंनी आणि आमच्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानं. तिघांचंही कारण एकच, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतात हे मी आता समोर उभं राहून ऐकून आलोय. तेव्हा लिहितो. ज्याच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय आणि जो तो चार घड्या घालून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात लपवून हिंडतोय, त्याच्यासाठी लिहितो. मीही महिनाभर तसाच हिंडलो. घड्यांवर कागद फाटला, पण रिपोर्ट बदलला नाही.

लाल लावलंय

मी चोपन्न वर्षांचा. नाशिक रोडला एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. द्वारका चौकाच्या अलीकडचं एक खाजगी हॉस्पिटल, सकाळी सातला भरती, पहिला नंबर माझा. आदल्या दिवशी रक्त दिलेलं. हिरवा गाऊन घालून, उपाशीपोटी पलंगावर बसलो होतो. बायको सुनंदा खाली औषधं आणायला गेलेली.

साडेसात झाले, आठ झाले. माझ्यानंतरच्या माणसाला स्ट्रेचरवरून नेलं. सिस्टर आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचा नंबर शेवटी घेतलाय." अर्ध्या तासानं म्हणाल्या, "आज होणार नाही. चहा घेऊ शकता."

वॉर्डातल्या मावशींनी चहा आणला. कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि स्टूल पायानं माझ्या दिशेनं ढकललं.

"मावशी, हातात द्या ना."

"तिथनं घ्या काका. तुमचं ते निघालंय ना."

"काय निघालंय?"

"मला काय म्हाईत. लाल लावलंय."

मी वळून बघितलं. पलंगाच्या उशाशी लटकवलेल्या फाइलवर लाल गोल चिकटवलेला होता. तर माझ्या आजाराची बातमी मला डॉक्टरांनी नाही, एका स्टुलानं दिली. त्या मावशींवर माझा राग नाही, त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. ज्यानं तो लाल गोल सगळ्यांना दिसेल असा लावला, त्याच्यावर आहे. आणि तो मी तेव्हाच काढून टाकला. फाइल खाली घेतली, गोल नखानं खरवडला आणि गाऊनला पुसला. त्या सकाळी मला जमलेलं शहाणपणाचं काम एवढंच.

सर्जन मात्र भला माणूस. खुर्ची ओढून जवळ बसले. "हिपॅटायटिस सी आहे. घाबरू नका, हल्ली गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. आधी तो बरा करून या, हर्निया कुठे पळून जात नाही." मग वहीत बघत विचारलं, "कधी रक्त चढवलंय? आधीचं एखादं ऑपरेशन? गावाकडे वगैरे इंजेक्शनं घेतलीत?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

सुनंदा तेव्हा दारात येऊन उभी होती. तिनं ते 'काहीच नाही' ऐकलं, आणि पुढचे कितीतरी दिवस तिला त्याचाच त्रास झाला.

छोटे डॉक्टर

आता जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते.

वीस ते सव्वीस या वयात मी कंपाउंडर होतो. सिन्नर तालुक्यातलं एक गाव. तिथे माझी मोठी बहीण दिलेली होती. मी तिला अक्का म्हणतो, गावही अक्काच म्हणतं. आई लवकर गेली, म्हणून बारावीनंतर मी अक्काच्याच घरी राहायला आलो. दाजी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात होते. अक्का घरी विड्या वळायची. दवाखान्यातलं काम मला दाजींनीच शब्द टाकून मिळवून दिलं.

डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस स्कूटरवरून यायचे. ते आता हयात नाहीत आणि सगळं त्यांच्या नावावर टाकून मला मोकळं व्हायचं नाही. कारण बाकीचे दिवस दवाखाना मी चालवायचो. बायका मला 'छोटे डॉक्टर' म्हणायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

गावात गोळीवर कुणाचा विश्वास नव्हता. सुई पाहिजे. त्यातही लाल सुई, म्हणजे ताकदीचं इंजेक्शन. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठी आणि माना भरून यायच्या. आठवड्याचा माल कारखान्यात देऊन झाला की त्या रांगेनं येऊन बसायच्या. "छोटे डॉक्टर, आज जरा मोठी द्या."

माझ्याकडे ॲल्युमिनियमची एक डबी होती, सुया-सिरिंजा उकळायची. नीट उकळायला वीस मिनिटं. बाहेर रांग. डॉक्टरांनी शिकवलेलं होतं, सुई बदलली की झालं, सिरिंज तीच चालते. मी त्याच्याही पुढे गेलो. सुया कमी पडल्या की गरम पाण्यात दोनदा बुचकळायच्या आणि पुढच्या दंडाला. पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या, एकदा वापरून फेकायच्या. त्याही मी धुऊन ठेवायचो, कारण चांगल्या दिसायच्या. फेकवत नसे.

शेवटी बाटलीत थोडं उरायचं. ते वाया कशाला घालवा, म्हणून मी स्वतःला टोचून घ्यायचो. त्याच सुईनं. बहुधा माझा आजार तिथला आहे.

दाजी दर शनिवारी यायचे. पाळ्यांनी थकलेले असायचे. बाही वर करत म्हणायचे, "हं, टोचावं आमच्या मेव्हण्यानं. बाहेरचे टोचतात त्यापेक्षा घरचं बरं."

सव्विसाव्या वर्षी शाळेत नोकरी लागली, मी नाशिकला आलो. डबी तिथेच राहिली. मी समजलो, सगळंच तिथे राहिलं.

घरातला अबोला

रिपोर्टबरोबर एक माहितीपत्रक मिळालं होतं. आजार कशाकशानं पसरतो त्याची यादी. रक्त, दूषित सुई, दाढीचं पातं, गोंदण, आणि खाली क्वचित लैंगिक संबंधातून. सुनंदानं ती यादी वाचली. पहिल्या सगळ्यांना मी 'नाही' म्हणून बसलोच होतो. उरलं काय?

"मला फक्त खरं सांगा," ती म्हणाली. "मी ओरडणार नाही."

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिनं लावला, आणि मी तो लावू दिला. नवरा बाहेरख्याली निघाला असं बायकोला वाटू देणं मला सोपं गेलं, पण मी लोकांना त्याच सुया टोचल्या हे सांगणं अवघड गेलं. खरं तेच आहे.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाजी वाढायची, पाणी ठेवायची, जायची. मी माझं ताट वेगळं काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. ताटाच्या मागे प्राचीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, म्हणजे चुकून कुणी घेऊ नये.

प्राची माझी मुलगी, फार्मसी झालेली. नवव्या दिवशी ती जेवायला बसली, ताट उलटं केलं, म्हणाली, "हे काय आहे पप्पा?"

मी सांगितलं.

ती उठली. रॅकमधली सगळी ताटं, वाट्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डिशासुद्धा खाली काढल्या, आणि ओट्यावर मांडून एकेकीला ठिपका द्यायला लागली. लालभडक.

"अगं, काय करतेस?" सुनंदा बोलली. नऊ दिवसांतलं तिचं ते पहिलं मोठं वाक्य.

"शोधा आता पप्पांचं कुठलं ते. जेवणातून होत नाही मम्मी. ताटातून नाही, मिठी मारून नाही, शिंकून नाही. दाढीचं सामान, ब्रश आणि नेलकटर वेगळं ठेवायचं, बस्. आणि आपण दोघी उद्या रक्त देऊन येऊ, म्हणजे विषय संपला."

दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. ते हातात घेऊन मी संडासात जाऊन रडलो. बाहेर आलो तर सुनंदा दारातच उभी. मग मी तिला सांगितलं, डबीचं, लाल सुईचं, बाटलीत उरलेल्याचं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "एवढंच होतं तर नऊ दिवस मला का जाळलंत?"

एवढंच नव्हतं. पण पुढचं तेव्हाही नाही सांगितलं.

चौऱ्याऐंशी गोळ्या

सरकारी रुग्णालयात हे उपचार मोफत होतात, हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर आता माहीत झालं. एक खोली, बाहेर बाकडी, भिंतीवर यकृताचं चित्र. बाकड्यावर सगळे एकमेकांपासून एक जागा सोडून, तोंडं मोबाइलमध्ये. पहिल्या दिवशी मीही तसाच. तिसऱ्या खेपेला मी शेजारच्याला विचारलं, "गोळ्यांची कितवी बाटली?" तो दचकला. मग म्हणाला, "दुसरी. तुमची?" नंतर आम्ही बिनधास्त बोलायचो, गोळीनं कुणाचं डोकं दुखतं, कुणाला गळून जायला होतं, कुणाला काहीच होत नाही. मला डोकेदुखी होती आणि दुपारी तिसऱ्या तासाला पाय ओढत नसत. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून बीकर पुसायचो.

डॉक्टर बाई चाळिशीच्या असतील. कामाचं बोलणाऱ्या. यकृताचं स्कॅन बघून म्हणाल्या, "नशीबवान आहात. विषाणू अंगात बरीच वर्षं असेल, पण यकृत अजून जवळजवळ जसंच्या तसं आहे. सुरुवातीच्या टप्प्यातच सापडलं. रोज एक गोळी, बारा आठवडे. एकही चुकवायची नाही." आणि पुन्हा तोच प्रश्न, कशातून झालं असेल.

या वेळी मी सांगितलं. सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ज्यांना इंजेक्शनं दिलीत त्यांच्यातलं कोणी संपर्कात आहे?"

"सख्खी बहीण आहे गावी."

"आणि तिचे मिस्टर?"

"वारले. अकरा वर्षं झाली."

"कशानं?"

"लिव्हरनं. पोटात पाणी झालं होतं. मग रक्ताच्या उलट्या."

"प्यायचे?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"मग तुमच्या बहिणीला लवकर घेऊन या. त्यांनाही बरं नसेल तर अजिबात थांबू नका."

अक्काला बरं नव्हतं. वर्षभर ती थकल्यासारखी झाली होती, पाय सुजत होते, आणि 'वय झालं' म्हणून ते खपून जात होतं.

पहिली बाटली संपली, दुसरी घ्यायला गेलो. "बहिणीला आणलं?" "गावाकडे कामं चालू आहेत, मॅडम." तिसरी घ्यायला गेलो. "बहिणीला आणलं?" "पुढच्या वेळी नक्की." तिसरी बाटली संपली, रक्त तपासलं, विषाणू सापडला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तेव्हाही नसला की बरे झालात असं म्हणायचं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही बरे होताय," त्या म्हणाल्या. "तिथे कुणीतरी न तपासता बसलंय. तुम्ही इतके का घाबरता बहिणीला?"

केस पेपर

का घाबरतो ते आता.

दाजी गावातल्या विहारात वंदना घ्यायचे. आमच्या वस्तीत त्यांच्यासारखा आवाज नव्हता. पौर्णिमेला, जयंतीला, कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीत, माईक त्यांच्याच हातात. त्रिशरण, पंचशील ते म्हणत आणि मागून सगळी वस्ती. मीही लहानपणी नाही, तिथेच, त्यांच्याच मागून पाठ केलं.

ते आजारी पडले तेव्हा त्यांना नाशिकला दवाखान्यात मी आणलं. घरातला 'मेडिकल'वाला मी. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरनं पोट दाबलं, डोळे बघितले आणि विचारलं, "किती पिता?"

"नाही पीत साहेब," दाजी म्हणाले.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. सगळे असंच म्हणतात, अशा नजरेनं. आणि मी, आपल्यालाही काही कळतं हे दाखवायला, जाणत्यासारखी मान हलवली. म्हणालो, "घेत असतील डॉक्टर. सांगत नाहीत."

मी त्यांना कधी पिताना बघितलं नव्हतं. वासही कधी आला नव्हता. मला एवढंच 'माहीत' होतं की लिव्हर खराब होतं ते दारूनं.

डॉक्टरनं केस पेपरवर लिहिलं, दारूचं व्यसन. पुढे कुणी दुसरं काही तपासलंच नाही. तो पेपर गावी गेला, कुणीतरी वाचला, आणि आठवड्यात वस्तीभर झालं. विहाराच्या मीटिंगमध्ये वस्तीतले जाणते किसनतात्या उभे राहिले आणि म्हणाले, पाचवं शील, म्हणजे नशा न करण्याचं, मोडणाऱ्यानं माईक धरू नये. दाजी भांडले नाहीत. त्यांनी माईकला पुन्हा हात लावला नाही. दीड वर्ष जगले, मागच्या रांगेत बसायचे, ओठ हलायचे, आवाज नसायचा. पंचशील म्हणताना पाचव्याला काही पोरं मागे वळून हसायची. मी एकदा बघितलं. तेव्हाही गप्प बसलो.

त्यांना आजार माझ्याच सुईनं झाला, याचा पुरावा नाही. डॉक्टर बाईंनीही सांगितलं, आता ते कळायला मार्ग नाही, न्हाव्याचं पातंही असू शकतं. पण तो केस पेपरवरचा शब्द माझा. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

अक्का

सिन्नरपर्यंत एसटी, पुढे जीप. अक्का ओसरीत विड्या वळत होती. या वयातही बोटं मशीनसारखी.

"आलास व्हय? बारीक दिसतूस. सुनंदा खायला घालती का नाय?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सुरुवात केली. आधी माझा आजार. मग सुया. तिची बोटं थांबली नाहीत.

"आरं, सुई तर मीच मागायची तुझ्याकडं," ती म्हणाली. "समद्या बाया मागायच्या. तुला तरी काय कळत व्हतं तवा? मिशी बी नव्हती फुटली." आणि हसलीसुद्धा.

तिथे थांबता आलं असतं. माफी मिळाली होती. जीप अजून फाट्यावरच असेल, असंही मनात आलं.

मी केस पेपरचं सांगितलं. शब्द न् शब्द. घेत असतील डॉक्टर, सांगत नाहीत.

आता बोटं थांबली. पान अर्धं वळलेलं तसंच राहिलं.

"तू म्हणलास?"

"हो."

"आन् मी अकरा वरसं त्या डाक्टरला शिव्या घालती." मांडीवरचं सूप तिनं बाजूला ठेवलं. "दीड वरस त्यो माणूस मला रोज इचारायचा, अगं, कुणी सांगितलं असंल? मी खरंच कवा घेतली का गं, आन् इसरलो? सोताच्याच डोक्यावर शंका घ्यायला लागला व्हता. आन् तू दर दिवाळीला येऊन, पुरणपोळी खाऊन जायचास."

"अक्का, माझं चुकलं."

"मला नगं सांगू."

"तू तपासायला चल. माझ्यावर राग धर, पण चल. गोळ्या आहेत त्याच्यावर."

"येते," ती म्हणाली. "पुढल्या मयन्यात ह्यांचा दिस हाय. इहारात पुण्यानुमोदन हाय. समदी वस्ती येती. तिथं हुबा राह्य आन् सांग. तोंडानं सांग, चिठ्ठी नाय. मग मी तुझ्यासंगं येते. त्याच्या आधी नाय."

"अक्का, महिना फार होतो. तब्येत..."

"अकरा वरसं नाय झाली फार. मयना कुठला फार?"

जेवायला थांब म्हणाली नाही. मीही थांबलो नाही.

विहार

घरी सुनंदा म्हणाली, "बहिणीला सांगितलंत ना, झालं. गावभर कशाला? प्राचीचं बघणं चाललंय, ते लोक सिन्नरचेच आहेत."

प्राची म्हणाली, "मी त्याला कालच सांगितलंय."

"कुणाला?"

"मुलाला. पप्पांना काय झालं होतं आणि कशानं. त्याच्या घरचे म्हणाले, विचार करायला वेळ द्या." तिनं खांदे उडवले. "घेऊ देत वेळ."

अजून घेतायत. घेऊ देत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरलेला. दाजींचा फोटो, पुढे मेणबत्त्या. वंदना एका तरुण मुलीनं घेतली. पाचवं शील आलं तेव्हा माझा आवाज फुटला नाही. मग नेहमीप्रमाणे, कुणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारलं. मी उठलो. सुनंदा माझ्याबरोबर आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती, आणि मी उठल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला.

मी पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "दाजी पीत नव्हते. कधीच नाही. ते पितात असं डॉक्टरला मी सांगितलं. खोटं सांगितलं. त्यांना जो आजार झाला असेल तोच मला झाला, आणि मीही पीत नाही. तो घाणेरड्या सुयांमुळे होतो. या गावात सहा वर्षं मी त्याच त्या सुया तुम्हाला टोचल्यात. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून इंजेक्शन घेतलंय, त्यांनी रक्त तपासून घ्या. आजार बरा होतो. माझा होतोय."

मग मागून एक बाई म्हणाली, "माझ्या सासूला बी ह्योच टोचायचा."

"मुडद्या, माझ्या आईला कावीळ झालती रं!"

"आता सांगतूस व्हय? समदे मेल्यावर?"

"खाली बसवा ह्याला!"

मी बसायला लागलो.

"बसायचं नाय," पुढच्या रांगेतून अक्का म्हणाली. मागे वळूनही न बघता. "हुबा राह्य. समद्यांचं हुंदे बोलून."

मी उभा राहिलो. बोलले. अर्धा तास बोलले. कुणाची चुलती, कुणाचा बाप, कुणाचे सुजलेले पाय. मी प्रत्येकाला 'हो' म्हणत गेलो. मला वाटलं होतं, त्या शिव्यांनी मी मोडेन. उलट, आजारपणात पहिल्यांदाच मला ताठ उभं राहता आलं. शिव्या माझ्याच होत्या, मला पोचत होत्या. इतकी वर्षं त्या दाजींना जात होत्या.

शेवटी किसनतात्या उठले. आता काठी घेऊन चालतात. "माईकचं मी बोललो व्हतो," ते म्हणाले. "पर मला तवा कुणी खरं सांगितलं असतं तर..."

"तुम्ही इचारलं व्हतं का, तात्या?" अक्का म्हणाली.

तात्या फोटोकडे गेले, काठी खाली ठेवली, आणि वाकले. वाकायला त्यांना वेळ लागला. कुणी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

तपासणी

दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्का आधार कार्ड घेऊन फाट्यावर हजर होती. रुग्णालयात सिस्टरनं सिरिंज घेतली तशी ती म्हणाली, "माझ्यासमोर फोड ते पाकीट." सिस्टर हसली, पाकीट डोळ्यांसमोर धरून फोडलं.

अक्काला विषाणू निघाला. यकृत माझ्यासारखं कोवळं नाही राहिलेलं, काही भाग कडक झालाय. पण वेळ गेलेली नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. एक महिना आधी आली असती तर बरं झालं असतं, आणि त्याच्याही तीन महिने आधी आली असती तर अजून. ते तीन महिने माझे. तेही इथे लिहून ठेवतो. तिच्या गोळ्या चालू आहेत. माझी शेवटची तपासणी झाली, विषाणू नाही. रक्तातली खूण मात्र जन्मभर राहते, पुढे कुठलीही साधी चाचणी केली तरी ती दिसेल, कुणीतरी पुन्हा लाल गोल लावेल. लावू दे. कागद माझ्याकडे आहे, आणि आता तो पाकिटात नसतो. हर्नियाचं ऑपरेशनही झालं, त्याच हॉस्पिटलात, पहिल्या नंबरला. मी तो मागून घेतला.

अक्का मला फोन करत नाही. मी केला तर औषधाचं तेवढं बोलते. मी तिची माफी मागणं सोडलंय. तिनं जे मागितलं ते दिलं, न मागितलेलं तिच्या गळ्यात कशाला घालू?

गेल्या गुरुवारी मात्र तिचाच निरोप आला. जीप करून ठेव, आठ बाया येतायत. विड्या वळणाऱ्या, जुन्या, लाल सुईवाल्या. मी रुग्णालयाच्या दारात थांबलो. वाटलं, बाजूला झाडाखाली उभं राहावं, त्यांना संकोच नको. अक्का जीपमधून उतरली, मला झाडाखाली बघितलं आणि बोटानं दाराकडे दाखवलं. "हितं हुबा राह्य. दिसू दे समद्यांना."

मी दारात उभा राहिलो. एकेक बाई माझ्या अंगावरून आत गेली. कुणी बघितलं, कुणी नाही. सगळ्यात म्हातारी होती तिला डोळ्यांनी कमी दिसतं. ती माझ्यासमोर थांबली, तोंड जवळ आणून निरखून बघायला लागली.

"ह्योच का गं त्यो सुईवाला?"

"ह्योच," अक्का म्हणाली आणि तिचा हात धरून पायरी चढवायला लागली. "माझा भाऊ हाय."